मिठाचा लगाम

माझा नवरा दिलेला शब्द पाळतो, हीच माझी सगळ्यात मोठी पंचाईत होती. दुसऱ्या बायकांचे नवरे पिऊन येतात, "जीव घेईन" म्हणून ओरडतात आणि सकाळी उठून चहा मागतात. पुंजाराम पीत नव्हता. तो जेवताना, भाकरी मोडत, अगदी शांतपणे म्हणाला, "सुगंधे, घोडी आनखी एकदा मागच्या पायांवर उभी राह्यली, तर म्या तिच्या डोक्यात कुऱ्हाड घालनार." आणि मग म्हणाला, "कोरड्यास वाढ."

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. का घेते ते पुढे कळेल.

कुऱ्हाड दाराच्या मागे उभी असायची. आम्ही ती अंबडकडून, गावाहून बरोबर आणली होती. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आमच्याच दावणीच्या बैलाने सासऱ्यांच्या पोटात शिंग घातलं. सासरे अंगणातच गेले. पुंजारामने त्यांना बाजेवर ठेवलं, तोंडावर पंचा टाकला, गोठ्यात गेला आणि त्या बैलाला कुऱ्हाडीने मारलं. वासरू असल्यापासून त्यानेच वाढवलेला बैल. एका घावात गेला नाही तो. सात-आठ घाव लागले, आणि शेवटचे दोन-तीन तर बैल मेल्यानंतरचे. त्यानंतर हा माणूस चार महिने कुणाशी बोलला नाही. भाकरी हातात घेऊन बसायचा आणि कुत्र्याला टाकून द्यायचा. मी रात्रंदिवस त्या माणसाबरोबर राहिले आणि त्यातून कशीबशी शहाणी बाहेर पडले. पुन्हा तिथे जायची माझी तयारी नव्हती. म्हणून आधीच सांगून ठेवते, घोडीचा जीव मला वाचवायचा होता तो मी फार दयाळू आहे म्हणून नाही. घोडी मेली असती तर तोच माणूस पुन्हा माझ्या घरात येऊन बसला असता, आणि या वेळी तो उठला नसता.

बोईसरला आम्ही आलो ते बैलगाडी घेऊन. एमआयडीसीत शेड उभ्या राहत होत्या, विटा-रेती वाहायला गाड्या लागायच्या. सात-आठ वर्षं बरी गेली. मग टेम्पो आले. एक बैल म्हातारा होऊन गेला, दुसरा विकला, आणि एक्याऐंशी साली पुंजारामने टांगा घेतला. टांग्याला घोडी आणली वसईच्या एका वरातीवाल्याकडून. नाव काजल. तांबूस रंग, कपाळावर पांढरी टिकली, आणि कातडी इतकी हळवी की माशी बसायच्या आधीच थरथरायची.

आम्ही निघताना वरातीवाला म्हणाला, "मुँह कच्चा है इसका. हाथ हलका रखना."

"हां, हां," पुंजाराम म्हणाला, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाला, "घोडी इकायची आन वर शानपन शिकवायचं."

हात हलका म्हणजे काय, हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो बैलांचा माणूस. बैलाच्या नाकात वेसण असते. कासरा ओढायचा आणि बैल थांबून मान खाली घालेपर्यंत ओढून धरायचा. मध्येच सोडला तर बैल समजतो, मालक दमला. सहा वर्षांचा असल्यापासून पुंजारामच्या हाताला तेवढंच येत होतं, आणि त्यात तो पक्का होता. आमच्या गावात त्याच्यासारखा बैल कुणी हाकत नसे. टांगा स्टँडवरच्या बाकीच्यांना त्याची चूक दिसत होती, पण सांगायचं सोडून ते हसत बसायचे.

काजलला ओढून धरलं की ती आधी मान वर करायची, मग मागे सरकायची, आणि तरी ओढ सुटली नाही तर पुढचे दोन्ही पाय उचलून उभी राहायची. तिच्या तोंडात पहिल्यांदा लगामाची साधी गुळगुळीत लोखंडी कडी होती. पुंजाराम म्हणाला, हिला ही पुरत नाही. मग साखळीची कडी आणली. तिने घोडी जास्तच बिथरली. मग तो पालघरला गेला आणि एका लोहाराकडून काटेरी कडी घेऊन आला. दांडीवर लहान लहान चाकं आणि चाकांना टोकं.

मी ती हातात घेऊन पाहिली. बोट टेकवलं तर टोचली.

"अवो, ही तोंडात घालायची?"

"तुज्या तोंडात न्हाई घालायची," तो म्हणाला.

हे वाक्य मी मनात जपून ठेवलं. कधी ना कधी ते बाहेर काढायचं होतंच.

संक्रांत होऊन गेली होती. मी दुपारचा डबा घेऊन स्टँडकडे निघाले होते, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं. टांग्यात मुरबे गावची कोळीण येसूबाई बसली होती, मासळी विकून रिकाम्या टोपल्या घेऊन घरी निघालेली. कारखान्याच्या फाटकासमोरून टांगा चालला होता आणि पाळी सुटल्याचा भोंगा झाला. काजल दचकून दोन पावलं आडवी झाली. एवढंच. पुंजारामने लगाम खेचला आणि धरून ठेवला. घोडी थांबली. त्याने धरून ठेवला. घोडीने मान आभाळाकडे केली, तोंड उघडलं, तांबडा फेस तिच्या छातीवर आला, आणि तरी त्याने धरून ठेवला. मग ती उभी राहिली आणि तशीच मागे उलटली.

टांग्याची एक दांडी मोडली. छप्पर रस्त्यावर चेपलं, आणि त्याच्याखालून येसूबाईचा हात बाहेर आला. कोपराखाली हाड कातडी फाडून वर आलं होतं. ती ओरडलीसुद्धा नाही, त्या हाडाकडे बघत राहिली. पाळीवरून सुटलेले कामगार धावले. आधी येसूबाईला काढलं आणि मग पुंजारामला धरलं. "मारो साले को!" म्हणत वीस-पंचवीस जणांनी त्याला तुडवला. मी रस्त्यात पडलेली टोपली फेकून मारली, डबा फेकून मारला, काही उपयोग झाला नाही. ते दमले तेव्हा थांबले.

मग पुंजाराम उठला. नाका-तोंडातून रक्त येत होतं. त्याने मोडलेली दांडी उचलली आणि आडव्या पडलेल्या घोडीला मारायला सुरुवात केली. पाठीवर, मानेवर, जिथे लागेल तिथे. तिची जीभ बाहेर पडली होती आणि मातीला चिकटली होती. मी त्याच्या कमरेला मिठी मारली. त्याने मला झटकलं ती मी गटाराच्या काठावर जाऊन आदळले. मारणाऱ्यांतलेच दोघे-तिघे पुढे आले आणि त्यांनी त्याला आवरलं. त्याच संध्याकाळी जेवताना तो कुऱ्हाडीचं बोलला.

मी कुऱ्हाड दोनदा लपवली. एकदा सरपणात, एकदा शेजारणीच्या माळ्यावर. दोन्ही वेळा त्याने ती शोधली आणि जागेवर आणून ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात एक म्हातारा येऊन उभा राहिला. बुटका, रुंद खांद्यांचा, कमरेला रुमाल आणि हातात होडीचं तुटकं वल्हं.

"पुंजाराम कोन हाय?"

"मी," पुंजाराम बाहेर येत म्हणाला.

"मी नामदेव. येसूबाईचा घरवाला," असं म्हणून म्हाताऱ्याने वल्हं फिरवलं. पुंजारामच्या नाकाचं हाड मोडलं त्याचा आवाज मला चुलीपाशी ऐकू आला. पुंजाराम खाली गेला तो म्हाताऱ्याचे पाय घेऊनच गेला. दोघं अंगणात लोळले. याने त्याचा गळा धरला, त्याने याच्या डोळ्यात बोट घातलं. मी चुलीतलं जळतं लाकूड घेऊन धावले आणि कुणाला मारायचं ते न कळून म्हाताऱ्याच्या पाठीवर हाणलं. तिकडे शेवग्याला बांधलेली काजल किंचाळली. घोडी तशी किंचाळते हे मला माहीत नव्हतं. आम्ही तिघंही जागच्या जागी थांबलो.

नामदेव उठला. पाठीवर भाजलं होतं, तिकडे त्याने बघितलंही नाही. सरळ घोडीपाशी गेला. पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये घोड्याच्या तोंडात मोकळी हिरडी असते, तिथेच कडी बसते. नामदेवने तिथे अंगठा घातला आणि तिचं तोंड उघडलं.

"ये, बग," तो म्हणाला. "हिरडी फाटून हाड दिसतंय. जीब अर्दी कापलीय. कडी कुटं हाय ती?"

मीच आणून दिली. त्याने ती हातात फिरवून पाहिली आणि परसातल्या विहिरीत टाकली. पुंजाराम नाक धरून उठत होता.

"माजी कडी हाय ती!"

"आता विहिरीची हाय," नामदेव म्हणाला. "घरातून निगताना मी बायकोला इचारलं, कोनाला मारू, घोरीला का गारीवाल्याला? ती बोलली, घोरीच्या तोंडातून रगत येत होतं, आदी ते बगून ये. आता बगितलं. तुला मारला ते बरोबर झालं."

आणि निघून गेला. मला वाटलं संपलं. पण आठवड्याने तो परत आला, आणि या वेळी हातात वल्हं नव्हतं. शिडाच्या होडीचा अंगठ्याएवढा जाड जुना सुती दोर होता, हातभर तुकडा. होडीला इंजिन आल्यापासून शीड घरात पडून होतं. तुकड्याच्या दोन्ही टोकांना त्याने जाळ्याचे लाकडी तरंगे ओवले होते, दोर तोंडातून सरकू नये म्हणून. त्यांच्या पुढे लगामाचे पट्टे बांधायचे.

"ही काय कडी झाली?" पुंजाराम हसला. नाकात कापूस होता, म्हणून तोंडानेच हसला.

नामदेवने दोर घोडीपुढे धरला. लोखंड दिसलं की दात आवळणारी काजल वास घेत राहिली. मग तिने दोर चाटला. वीस वर्षं समुद्राचं पाणी प्यालेला दोर तो, मीठ त्याच्या धाग्याधाग्यात बसलेलं. तिने आणखी चाटला आणि आपण होऊन तोंड उघडून आत घेतला. ते पाहून मला रडू आलं. घरात एवढं सगळं होऊनही मी तोवर रडले नव्हते.

हिरडी भरून येईपर्यंत नामदेव दिवसाआड यायचा, नुसता दोर तोंडात देऊन तिला हाताने फिरवायचा. मग टांगा दुरुस्त करून घेतला आणि तो जोडून कारखान्यापर्यंत नेऊन आणू लागला. मी त्याच्या हातांकडे बघत बसायचे. लगाम त्याच्या बोटांत कधी ताठ, कधी सैल, सारखा हलत असायचा.

"नामदेवबाबा, तुमी घोडी कवा हाकली व्हती?"

"कदीच नाय. होरी हाकलीय, बाय. शिडाचा दोर असाच. वारा वाडला का घट, वारा पडला का लगेच सोड. वारा देतो तवा तूबी द्यायचं. धरून बसलं तर होरी उलटते." जरा थांबून म्हणाला, "माजा सखा भाव दोर धरून बसला. दांडी गावाच्या समोर, भर दुपारी. आमी बगत होतो काठावरून, ओरडत होतो, सोड, सोड. नाय सोडला."

पुंजाराम हे ऐकत होता. पण त्याने ऐकलं ते वेगळंच. रात्री मला म्हणाला, "दोरात गुन हाय. मिठाचा गुन."

"दोरात न्हाई, हातात हाय."

"घोडी माजी हाय," तो म्हणाला. "उंद्या म्या नेनार."

दुसऱ्या दिवशी नामदेव समुद्रावर गेलेला. पुंजारामने मुद्दाम मुरब्याचंच भाडं घेतलं, म्हाताऱ्याच्या गावात जाऊन मिरवायला. जाताना सगळं सुरळीत झालं म्हणे. रस्ता सरळ होता, लगाम खेचायची वेळच आली नाही. गावात शिरताना उतार लागला, टांगा मागून रेटायला लागला, आणि त्याने लगाम ओढला. घोडी थांबली. हा धरून बसला. तोंडात काटे नव्हते, लोखंड नव्हतं, मिठाचा मऊ दोर होता, आणि तरीही ती उभी राहिली. टांग्यासकट ती बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांवर कोसळली. दोन रांगा जमीनदोस्त झाल्या. चाक निखळलं. वाळवणावरच्या बायकांनी काठ्या उपसल्या आणि त्याच काठ्यांनी त्याला बडवलं. एकीने कोयता कानावर हाणला.

मी अंगणात तांदूळ निवडत होते. ऊन कलायला लागलं होतं. तो घोडीला हाताने धरून चालत आला, टांगा तिथेच टाकून. सदरा फाटलेला, अर्धा कान लोंबत होता. माझ्याकडे बघितलं नाही. काजलला शेवग्याला बांधलं आणि दाराकडे गेला. मला काही विचारायची गरज नव्हती.

काय करायचं ते मी ठरवलं नव्हतं. ठरवायला वेळ कुठे होता? सूप फेकून मी घोडीपाशी गेले, तिच्या तोंडातून दोर काढला आणि पट्ट्यांसकट घेऊन दारासमोर उभी राहिले. तो कुऱ्हाड घेऊन बाहेर आला.

"सरक."

"तवा म्हनला व्हतास, तुज्या तोंडात न्हाई घालायची." लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याला एकेरी बोलले. "आता घालते. वढ."

"येडी झालीस का?"

"वढ. दोष दोराचा हाय, घोडीचा हाय का तुजा हाय, बगू दे मला."

आणि तो दोर मी दातांत घेतला, मागे दाढांपर्यंत सारला. फेसाने ओला, रक्ताची आणि गवताची चव, आणि त्याखाली मीठ. पट्टे त्याच्या पायांवर फेकले. मला वाटलं होतं तो मागे हटेल. सिनेमात हटतात. त्याने कुऱ्हाड उजव्या हातात ठेवली, डाव्या हाताने पट्टे उचलले, मनगटाला एक वेढा दिला आणि ओढलं.

ओठांचे कोपरे फाटले ते मला कळलं. मान खेचली गेली, टाचा उचलल्या. मी जागच्या जागी उभी होते, एक पाऊलसुद्धा हललेली नव्हते, आणि तो ओढून धरून होता. यापेक्षा जास्त कसं थांबायचं? मी थांबलेय हे त्याला दिसत कसं नाही? मी काय केलं म्हणजे हे सुटेल? काही केल्या सुटत नव्हतं. त्या क्षणी मला घोडी कळली, अख्खी कळली. मी सगळं अंग उचललं आणि मागे झोकून दिलं.

तो पट्ट्यांसकट माझ्यावर ओढला गेला. माझं डोकं जमिनीवर आदळलं. कुऱ्हाड कुठे तरी पडली. तोंडात काही तरी तुटलं. तो माझ्यावर होता आणि मी त्याला लाथा मारत होते, गुडघे मारत होते, दोर तसाच दातांत. तो बाजूला सरकला तेव्हा मी थुंकले. रक्ताबरोबर माझा वरचा दात मातीत पडला.

पुंजारामने तो दात पाहिला. मग मनगटावरचा वेढा पाहिला. तो हळूहळू खाली बसला.

"तू तर हुबीच व्हतीस," तो म्हणाला. "कुटं बी चालली न्हवतीस."

मी पदर तोंडाला लावला. 

 मग त्याने दोर उचलला, सदऱ्याने पुसला आणि स्वतःच्या तोंडात घातला. माझ्याकडे पाठ करून बसला आणि पट्टे मागे माझ्या हातात दिले.

मी ओढलं. खोटं कशाला सांगू, मी सगळं ओढलं. ते चार महिने ओढले. कुत्र्याला टाकलेल्या भाकऱ्या ओढल्या. गटाराच्या काठावर आपटले ते, येसूबाईचं हाड, माझा दात, सगळं त्या दोराला लावलं आणि पाय त्याच्या पाठीला रोवून धरून ठेवलं. त्याचे ओठ फाटले. त्याने हात वर केले नाहीत. मला बरं वाटत होतं. धरून ठेवण्यात सुख असतं हे मला तेव्हा कळलं, आणि तो आयुष्यभर हात का सोडत नव्हता तेही कळलं. मी सोडणार नव्हते. माझ्या हातात कुऱ्हाड असती तर काय केलं असतं, ते मी आजही स्वतःला विचारत नाही.

मग त्याची मान सैल पडली. तो माझ्या ओढीबरोबर मागे आला, काहीच न धरता. दोराच्या त्या टोकाला वजनच उरलं नाही, आणि माझी बोटं आपोआप उघडली.

त्याने दोर तोंडातून काढला. हनुवटीवरून रक्त गळत होतं.

"आत्ता," तो म्हणाला. "आत्ता सोडलंस ना, तवा कळलं. वढलंस तवा न्हाई कळलं. सोडलंस तवा कळलं."

"म्हातारा काय येगळं सांगत व्हता?" मी फाटक्या तोंडाने म्हणाले.

"पुन्यांदा वढ. हळू."

दिवस मावळेपर्यंत आम्ही तेच करत होतो. मी ओढायची, तो मान द्यायचा, मी सोडायची. दर वेळी आधीपेक्षा लवकर. मग पट्टे त्याने घेतले आणि दोर त्याने शेवग्याच्या फांदीला बांधला. माझ्या तोंडात मी परत घालू दिला नाही. फांदी वाऱ्याने हलायची, तो तिच्याबरोबर हात द्यायचा. काजल खाली उभी राहून त्याच्याकडे बघायची. बारा दिवस त्याने झाडाची फांदी हाकली. येणारे-जाणारे हसले, त्याने वर पाहिलं नाही.

तेराव्या दिवशी तो कुऱ्हाड खांद्यावर टाकून मुरब्याला चालत गेला. मी दिवसभर उंबरा सोडला नाही. संध्याकाळी आला तेव्हा खांद्यावर कुऱ्हाड नव्हती. बोंबलाच्या काठ्यांसाठी बांबू तोडून दिले, दोन्ही रांगा उभ्या करून दिल्या, आणि कुऱ्हाड नामदेवकडेच ठेवून आला होता. येताना खाडीत भिजवलेला दुसरा दोर घेऊन आला.

मी त्याला माफ केलं असं कुणी समजू नये. माझ्या तोंडात एक खिडकी आहे आणि तिच्यातून वारा येतो. ओठांच्या कोपऱ्यांत माझ्याही पांढऱ्या खुणा आहेत, त्याच्याही आहेत आणि घोडीच्याही. फक्त त्या दिवसापासून मी त्याला "अवो" म्हणणं सोडलं. नावाने हाक मारते. पहिल्यांदा शेजारणींनी कानांवर हात ठेवले. तो "ओ" देतो.

उन्हाळ्यात टांग्याचं चाक बसवून झालं आणि येसूबाई पुन्हा त्यात बसली. हात जुळला होता, पण वाकडा. मी तिच्या शेजारी बसले, तिला भीती वाटू नये म्हणून. खरं तर मलाच वाटत होती. फाटकासमोर आलो आणि भोंगा झाला. काजल दचकून आडवी झाली, पुंजारामचा हात मागे आला, पट्टा ताठ झाला. घोडीची मान वर चढायला लागली. येसूबाईने चांगल्या हाताने माझी मांडी धरली.

"पुंजाराम, सोड!" मी ओरडले.

पण मी ओरडायच्या आधीच दोर सैल झाला होता. काजल चारही पायांवर उभी होती, कान हलवत, तोंडातला दोर चघळत. पुंजारामने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. 

"सोडला व्हता म्या," तो म्हणाला.

"दिसलं," मी म्हणाले.

येसूबाईने माझी मांडी सोडली आणि टोपली नीट केली. "चल रं बाबा," ती म्हणाली, "ऊन वाडतंय."